सामंत सरांचा वेलदोडा

आमच्या कॉलेजात एखाद्याचं काम झालं नाही, की तो स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "मिळाला वेलदोडा." पुढे कुणी काही विचारत नसे. नव्याने लागलेले लोक सुरुवातीला गोंधळायचे. मग त्यांनाही मिळायचा.

वेलदोडा देणारे उपप्राचार्य सामंत. आमचे प्राचार्य तब्येतीने खचलेले, सहीपुरते उरलेले. कॉलेज चालवायचे ते सामंत सर. त्यांच्या टेबलावर चांदीची एक छोटी डबी असायची. केबिनमध्ये कुणीही गेलं की ते उठून उभे राहायचे. शिपाई गेला तरी उभे राहायचे. "या, या. छान!" म्हणायचे आणि तुमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायचे. मधे बोलणं नाही, घड्याळाकडे बघणं नाही. तुमचं संपलं की डबी उघडून पुढे करायचे. "घ्या मॅडम. घसा कोरडा पडला असेल." वेलदोडा तोंडात टाकला की माणूस बोलायचा थांबतो. तेवढ्यात ते म्हणायचे, "विषय फारच महत्त्वाचा आहे. बघतो मी." तुम्ही जिना उतरेपर्यंत तुमचा विषय मेलेला असायचा, आणि तोंडाला मात्र छान वास येत असायचा.

मी त्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. मुलुंडला, टेकडीच्या पायथ्याशी आमचा कॅम्पस. गेटपासून मुख्य इमारतीपर्यंत चांगलाच चढ. सामंत सर मला कधीच आवडले नाहीत, आजही आवडत नाहीत. निवृत्त झालेल्या माणसाबद्दल गोड लिहायचा रिवाज आहे. तो मला जमणार नाही.

दिसायला माणूस देखणा होता. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, बाहीच्या इस्त्रीची घडी संध्याकाळपर्यंत मोडायची नाही. आवाज इतका खाली की ऐकायला आपल्याला पुढे वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस आपोआप अजिजी करणारा दिसतो. ते त्यांना ठाऊक असावं असं मला नेहमी वाटायचं. त्यांचं एक लाडकं वाक्य होतं: "विरोध नको, सूचना द्या." सूचना दिली की ते ती लिहून घेत, देणाऱ्याचं नाव घेऊन चारचौघांत कौतुक करत, आणि मग त्यांना जे करायचं तेच करत. फरक एवढाच पडायचा, की आता त्यात तुमचंही नाव असायचं.

आमच्या लेडीज टॉयलेटचं दार मोडलं होतं. कडी लागत नसे. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर पहारा द्यायचा. आम्ही सगळ्याजणी मिळून त्यांच्याकडे गेलो. ते इतके हळहळले की आम्हालाच वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे 'महिला सुविधा समिती' नेमली आणि आम्हालाच सदस्य केलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दार तसंच. विचारायला गेलो तर म्हणाले, "मी वाटच बघतोय मॅडम. समितीचा अहवाल यायचा आहे ना? तुम्हीच सदस्य." शेवटी आमच्या रसायनशास्त्राच्या सुनंदा जाधवने घरून हातोडी आणि नवी कडी आणली आणि दोन तासांमधल्या सुट्टीत ठोकून टाकली. पुढच्या सभेत सरांनी समितीच्या कार्याबद्दल आमचं अभिनंदन केलं.

गणेश नावाचा एक पोरगेलासा मास्तर होता, तासिका तत्त्वावर. मराठी शिकवायचा. त्याने मुलांना घेऊन एकांकिका बसवली, स्पर्धेत बक्षीस आणलं. वार्षिक समारंभात सामंत सरांनी त्याला स्टेजवर बोलावलं, शाल पांघरली, मिठी मारली, "हा आमच्या कॉलेजचा हिरा" म्हणाले. गणेशची आई पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होती. सुट्टीनंतर गणेश आला तेव्हा त्याचे तास दुसऱ्या कुणाला दिलेले होते. तो केबिनमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा गालात काहीतरी चघळत होता.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर मी खोटं चित्र काढलं असं होईल. माझी आई भांडुपला वारली तेव्हा कॉलेजातून सर्वांत आधी आले ते सामंत सर. चाळीच्या बोळात उभे राहून त्यांनी माझ्या भावाला धरून ठेवलं. स्मशानापर्यंत चालत आले, खांदा दिला. तिथे त्यांना बघणारं, मोजणारं कुणी नव्हतं. ते खरं होतं, असं मला वाटतं. पण त्याने बाकीचं खोटं ठरत नाही.

आता वीजगाड्यांचं.

एका वर्षी सामंत सरांनी नवी इलेक्ट्रिक कार घेतली. पांढरी, आवाज न करणारी. त्यांना शोभली. थोड्याच दिवसांत 'हरित परिसर' नावाचा प्रस्ताव आला. कॅम्पसवर वीजगाड्यांना प्रोत्साहन द्यायचं. मुख्य इमारतीच्या पोर्चमध्ये चार्जिंग पॉइंट बसणार, तिथली सावलीची जागा फक्त वीजगाड्यांना. पेट्रोलच्या सगळ्या गाड्या गेटबाहेर, रस्त्यावर. प्रस्तावावर सर्वांच्या सूचना मागवण्यासाठी सभा ठेवली होती. सूचनांसाठी कांदाभजी आणि चहा होता.

पोर्चमध्ये, रॅम्पच्या अगदी तोंडाशी, सुनंदाची स्कूटर लागायची. तिच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला होता. कॅलिपर आणि कुबडी घेऊन चालायची. स्कूटरला मागे दोन जादा चाकं. ती मूळची वाशिमकडची. बाप कांजूरमार्गला कारखान्यात लागला म्हणून कुटुंब इकडे आलं. शिकली, डॉक्टरेट केली, रसायनशास्त्राची विभागप्रमुख झाली. बोलायला तिखट. तिच्याशी मैत्री ठेवायची तर कातडी जाड हवी. मी ठेवली, कारण ती तोंडावर बोलायची, आणि आमच्या कॉलेजात ती चैन होती.

सभेत ती उभी राहिली. म्हणजे कुबडी टेकून नीट उभी राहिली, बसून बोलली नाही.

"सर, वीजगाडीला माझा विरोध नाही. जुनी स्कूटर मोडली की मीही तीच घेईन. पण चार्जिंग पॉइंट मागच्या भिंतीला घ्या ना. मीटर रूम तिथेच आहे, केबल ओढायला नको, जागा पण मोकळी. पोर्चमधली रॅम्पजवळची जागा ज्याला चालता येत नाही त्याला ठेवा. आणि पेट्रोलच्या सगळ्या गाड्या बाहेर काढल्या, तर मी गेटवरून वर कशी येणार?"

भजी खाणारे हात थांबले.

"छान!" सामंत सर म्हणाले. "अत्यंत मौलिक सूचना. जाधव मॅडम नेहमीच मूळ मुद्द्याला हात घालतात. मी तर म्हणतो, अशी निर्भीड सूचना येणं हेच या प्रस्तावाचं यश आहे. टाळ्या झाल्या पाहिजेत."

आणि टाळ्या झाल्या. सुनंदा उभीच.

"टाळ्या नकोत सर. जागा राहणार का ते सांगा."

"सगळ्या सूचनांचा विचार होणार मॅडम. बसा ना, पाय दुखेल."

मग इतिहासाच्या देशपांडे सरांनी सांगितलं, की रस्त्यावर गाड्या लावल्या तर टोइंगवाले उचलून नेतील. "छान!" लायब्ररीतल्या कोळी मॅडम म्हणाल्या, की आम्हाला कर्जाचे हप्ते परवडत नाहीत, वीजगाडी घेणार कशी? "फारच वास्तववादी!" मी म्हटलं, की आधी मुलांसाठी स्टेशनपासून इलेक्ट्रिक बस सुरू करा, ती खरी हरित योजना. "वा! तावडे मॅडम, ही तर दूरदृष्टी." एकूण एक माणूस विरोधात बोलला होता. शेवटी सरांनी हात जोडले आणि त्या खालच्या आवाजात म्हणाले, "तर सर्वांच्या मौलिक सूचनांसह हा प्रस्ताव आपण एकमताने मंजूर करत आहोत. धन्यवाद. चहा गरम आहे."

माझ्या शेजारी बसून सुनंदा म्हणाली, "वैशाली, आत्ता काय झालं गं?"

"वाट लागली," मी म्हटलं.

पंधरवड्यात पोर्चमध्ये चार्जिंग पॉइंट बसला. हिरव्या रंगाने चौकोन आखले. गेटवर साखळी आली. वॉचमन साळवे ती साखळी लावताना सुनंदाकडे बघू शकत नव्हता. एरवी रोज तिला "जय भीम मॅडम" म्हणायचा; त्या दिवशी मान खाली घालून म्हणाला, "मला वरून ऑर्डर आहे."

"तुझ्यावर राग नाही रे," ती म्हणाली, आणि स्कूटर रस्त्याला लावून चढ चढू लागली.

ती केबिनमध्ये गेली होतीच. सरांनी सुचवलं होतं, "आपण एक विनंती अर्ज द्या. विशेष बाब म्हणून सहानुभूतीने विचार करू." तिने अर्ज दिला नाही. वेलदोडाही घेतला नाही. डबी हाताने मागे सरकवली, असं शिपायाने आम्हाला सांगितलं. कॉलेजच्या इतिहासात बहुतेक तीच पहिली.

आठवडे गेले. ती लवकर घरून निघायची, चढ चढायची, घामाने डबडबून लॅबमध्ये यायची. कॅलिपरच्या पट्ट्याने मांडी सोलवटली होती. एकदा मी म्हटलं, "सुनंदा, एक अर्ज टाक ना. दोन ओळी. काय जातं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याच गटातली. "तू पण वेलदोडा आणलायस का? अगं, जागा माझी होती. काढून घेतली त्यांनी. आता मी हात जोडून 'कृपया दया करा' लिहू? आणि मग ते ती दया कुठेकुठे सांगत फिरतील, ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक होतं.

मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली. त्या सकाळी मी गेटपाशी पोचले तेव्हा सुनंदा स्कूटरवरून उतरत होती. नेहमी ती कितीतरी आधी आलेली असायची. आज ती परीक्षेच्या वेळेवर आली होती. ठरवून. विभागप्रमुख ती, लॅबच्या आणि रसायनांच्या कपाटाच्या चाव्या तिच्या पर्समध्ये.

"सुनंदा, उशीर होईल."

"उशीर कसला? मी वेळेवर आलेय. गेटवर. इथून पुढचा रस्ता त्यांचा."

आम्ही चालू लागलो. वर पोर्चमध्ये मुलं पांढरे कोट घालून उभी होती आणि त्यांच्यामध्ये बाहेरून आलेले परीक्षक, एक वयस्क, जाड भिंगांचा चष्मा लावलेले गृहस्थ. सगळे खाली आमच्याकडे बघत होते. सुनंदा मुद्दाम हळू चालत नव्हती. हळू चालल्याचं नाटक करावं लागेल असा तो चढ नव्हताच. कुबडी, पाय, श्वास. कुबडी, पाय, श्वास. अर्ध्यावर ती थांबली, कठड्याला टेकली.

सामंत सर घाईने उतरत आले. चेहऱ्यावर तेच हसू. "मॅडम, मॅडम! मला सांगायचं ना. थांबा, मी माझी गाडी आणतो."

"नको सर. आज आणाल. उद्या?"

"परीक्षक खोळंबलेत हो."

"मला दिसतायत. येतेय ना मी."

आता त्यांची पंचाईत झाली. तिला सोडून वर जावं तर सगळे बघतायत. हात धरावा तर ती धरू देणार नाही. मग तेही चालू लागले. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सर. तिच्या चालीने. त्यांच्यासारख्या लांब टांगांच्या माणसाला ती चाल किती जड जात होती, ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. वरून परीक्षकांचा आवाज आला, चांगला खणखणीत: "अहो सामंत, मॅडमची गाडी का नाही आत घेत?"

सरांनी वर बघून हात हलवला. हसू जराही हललं नाही. आणि त्याच हसऱ्या तोंडाने, ओठ न हलवता, ते सुनंदाला म्हणाले, "तुका काय वाटता गो? ह्या मी विसरूचंय नाय. ध्यानात ठेव."

इतक्या वर्षांत मी त्यांना मालवणी बोलताना ऐकलं नव्हतं. माझं सासर-माहेर दोन्ही कणकवलीकडचं, मला अक्षर अन् अक्षर कळलं. कॉलेजातला तो खालचा, गुळगुळीत आवाज नव्हताच तो. माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. एवढ्या वर्षांनी एकदाचं त्या माणसाच्या तोंडून काहीतरी खरं निघालं होतं.

सुनंदाला मालवणी कळत नव्हती. धापा टाकत तिने मला विचारलं, "काय म्हणाले?"

"विसरणार नाही म्हणतात."

"मी पण नाही," ती म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं.

आम्ही वर पोचलो. मुलांनी वाट करून दिली. परीक्षकांनी तिला स्वतः खुर्ची दिली, पाणी आणवलं, आणि सामंत सरांशी दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. मुलांनी त्या चढाचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पालकांच्या ग्रुपवर, तिथून ट्रस्टींच्या घरी.

साखळी त्याच आठवड्यात निघाली. चार्जिंग पॉइंट मागच्या भिंतीला, मीटर रूमजवळ गेला. सुनंदाने सांगितलं होतं तिथेच. रॅम्पजवळ निळा चौकोन आखला गेला. आणि सामंत सरांनी, दुसरं काय, 'सुगम परिसर' योजनेचं उद्घाटन ठेवलं. निळ्या चौकोनासमोर रिबन, फोटोग्राफर, हातात तबक. तबकात कात्री. सुनंदाने ती कापायची होती.

सुनंदा स्कूटरवरून आली. थांबली नाही. रिबन तिच्या हँडलला अडकली, ताणली आणि तटकन तुटून मागे फडफडत राहिली. तिने चौकोनात गाडी लावली, कुबडी काढली. "लेक्चर आहे सर," म्हणाली आणि रॅम्पवरून आत गेली. आम्ही हसू दाबत उभे. सामंत सर टाळ्या वाजवत होते. "छान!" म्हणाले. तो फोटो वार्षिक अंकात पहिल्या पानावर आला. त्याखाली योजनेचे शिल्पकार म्हणून त्यांचं नाव.

आणि ते विसरले नाहीत. सुनंदाच्या बढतीची फाइल त्यांच्या टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. दर वेळी एक कागद कमी. दर वेळी, "बघतो मी." पैशांपेक्षा तिला प्रोफेसर ही पाटी हवी होती, तिचे वडील ती बघायची म्हणून थांबले होते. ते गेले. पाटी लागली ती सामंत सर निवृत्त झाल्यावर. त्यांच्या निरोप समारंभाला सुनंदा आली नाही. बाकीचे सगळे चांगलं बोलले. मी बोलले नाही, पण जेवले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मीही निवृत्त झाले होते. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. अंगठा मशीनवर ठेवायचा. मुलुंडच्या शाखेत म्हाताऱ्यांची ही रांग. काउंटरवर विशीतली एक मुलगी, आणि तिच्यासमोर सामंत सर. शर्ट पांढराच, पण गळ्यापाशी मोठा झालेला. त्यांनी अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

"काका, येत नाहीये. रेषा गेल्यात तुमच्या. बाजूला बसा, साहेब आले की बघू. नेक्स्ट."

"अहो, पण मी समोर उभा आहे ना," ते म्हणाले. आवाज तसाच खाली. मुलीला ऐकू गेला नाही, आणि ती काही पुढे वाकली नाही.

मग त्यांना मी दिसले. चेहरा एकदम उजळला. "तावडे मॅडम! बरं झालं. जरा सांगा ना हिला, तुम्ही मला ओळखता म्हणून."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या मुलीकडे.

"ओळखते," मी म्हटलं. "चांगली ओळखते."

"तुम्ही ओळखून काय होणार आंटी," मुलगी म्हणाली, "मशीनने ओळखायला पाहिजे. तुमचा अंगठा द्या."

माझा पहिल्याच खेपेला लागला. मी पावती घेतली, पर्समध्ये टाकली. ते भिंतीकडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. दाराबाहेर आल्यावर मी काचेतून एकदा वळून बघितलं. रुमालाचं टोक जिभेने ओलं करून ते अंगठा पुसत होते, नीट, सावकाश, आणि उजेडाकडे धरून बघत होते.